टाळेबंदीतील नवी पेठ : व्यापाऱ्यांना मिळालेली सरकारी मदत आणि तिचा हिशेब

सोलापूर : २५ मार्च २०२० हा गुढीपाडव्याचा दिवस होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेल्या या दिवशी नवी पेठेत एरवी पाय ठेवायला जागा नसते. कपडे, पादत्राणे, मोबाइल, घड्याळे, घरगुती उपकरणे अशी सारी खरेदी या एका पेठेत आणि लगतच्या चाटी गल्ली, टिळक चौक, मधला मारुती परिसरात उरकण्याची शहराची जुनी सवय आहे. त्या वर्षी मात्र पाडव्याच्याच दिवशी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि अत्यावश्यक वस्तूंची दुकाने वगळता पेठेतील सारी शटर खाली राहिली. पुढील वर्षीचा पाडवा १३ एप्रिल २०२१ रोजी आला, तेव्हाही चित्र फारसे निराळे नव्हते. राज्यात 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लागू होते आणि कापड दुकानदाराला दार उघडण्याची मुभा नव्हती.

या दोन पाडव्यांच्या दरम्यान आणि त्यानंतरही केंद्र व राज्य सरकारने व्यवसायांसाठी अनेक उपाययोजना जाहीर केल्या. त्यांचे आकडे मोठे होते, नावे लांबलचक होती आणि अटी त्याहून लांब. यांपैकी किरकोळ बाजारपेठेतील दुकानदाराच्या, त्याच्या नोकराच्या आणि दुकानासमोर बसणाऱ्या फेरीवाल्याच्या वाट्याला नेमके काय आले, याची ही एकत्रित माहिती.

पेठ किती दिवस बंद होती?

सोलापूर शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण १२ एप्रिल २०२० रोजी आढळला. महिनाअखेरीस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलेल्या यादीत सोलापूर जिल्हा 'रेड झोन'मध्ये गेला. त्यामुळे मे महिन्यात अन्य जिल्ह्यांत दुकाने हळूहळू उघडू लागली, तरी सोलापुरात ती सवलत आली नाही. अक्षय तृतीया २६ एप्रिलला येऊन गेली आणि मे महिन्याच्या अखेरीस रमजान ईदही गेली. लग्नसराईचा सारा हंगाम बंद शटरमागे संपला.

राज्य सरकारच्या 'मिशन बिगिन अगेन'च्या ३१ मे २०२० च्या आदेशाने ५ जूनपासून बाजारपेठा उघडण्यास परवानगी मिळाली. ज्या महापालिकांना अधिक कडक अटी लावण्यात आल्या, त्यांत सोलापूरचा समावेश होता. रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका दिवशी आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी, वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी पाच. कापड दुकानांतील 'ट्रायल रूम' बंद, विकलेला माल बदलून देण्यास मनाई. तयार कपड्यांच्या व्यवसायाची ज्यांना कल्पना आहे त्यांना या दोन अटींचा अर्थ सांगण्याची गरज नाही. माप न घालता आणि बदलून मिळण्याची खात्री नसता शर्ट विकत घेणारा ग्राहक विरळाच. त्यानंतर जुलै २०२० मध्ये शहराने पुन्हा दहा दिवसांची कडक टाळेबंदी अनुभवली.

नवी पेठेचे आणखी एक वैशिष्ट्य येथे लक्षात घ्यावे लागते. ही पेठ केवळ शहरावर चालत नाही. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, तुळजापूर आणि सीमेपलीकडील इंडी, अफजलपूर, विजयपूर येथील कुटुंबे लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी सोलापुरात येतात. एसटीची आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली. तोवर दुकान उघडे असले तरी ग्राहक गावीच होता. जुलैमधील आषाढी वारी प्रातिनिधिक स्वरूपात झाली. जानेवारी २०२१ मध्ये सिद्धेश्वराची गड्डा यात्रा धार्मिक विधींपुरती राहिली. जिल्ह्याच्या बाजाराला हातभार लावणारे दोन मोठे प्रसंग असे कोरडे गेले.

दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ च्या पहिल्या आठवड्यापासून अत्यावश्यक नसलेली दुकाने पुन्हा बंद झाली. त्या वर्षी अक्षय तृतीया आणि ईद दोन्ही १४ मे या एकाच दिवशी होत्या, आणि दोन्ही बंदमध्येच गेल्या. राज्याने २ ऑगस्ट २०२१ रोजी बहुतांश जिल्ह्यांत दुकानांची वेळ रात्री आठपर्यंत वाढवली, पण निर्बंध कायम राहिलेल्या अकरा जिल्ह्यांत सोलापूर होते. १५ ऑगस्टपासून ही तफावत दूर झाली.

सोलापूरने सक्तीची संचारबंदी याआधीही पाहिली आहे. मे १९३० मध्ये येथे लागू झालेला मार्शल लॉ आणि त्यानंतर फासावर गेलेले चार हुतात्मे शहर विसरलेले नाही. परंतु तो मार्शल लॉ जूनअखेर उठला होता. लागोपाठ दोन हंगाम हातचे जाण्याचा अनुभव मात्र पेठेतील आजच्या पिढीला नवा होता.

वीस लाख कोटींतले काय?

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १२ मे २०२० रोजी २० लाख कोटी रुपयांच्या 'आत्मनिर्भर भारत' पॅकेजची घोषणा केली. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पुढील पाच दिवस त्याचा तपशील मांडला. एकूण बेरीज २० लाख ९७ हजार ५३ कोटी रुपये इतकी दाखवण्यात आली. या बेरजेत रिझर्व्ह बँकेने आधीच जाहीर केलेल्या ८ लाख १ हजार ६०३ कोटींच्या उपायांचा, तसेच मार्चमधील गरीब कल्याण योजनेचा समावेश होता. म्हणजे हा सारा पैसा तिजोरीतून थेट खर्च होणार नव्हता. त्याचा फार मोठा भाग बँकांनी द्यावयाच्या कर्जाचा, त्या कर्जाला दिलेल्या हमीचा आणि भरणा पुढे ढकलण्याच्या सवलतींचा होता. हा फरक समजून घेतला नाही, तर पुढील सारा हिशेब गोंधळाचा वाटेल.

अन्य काही देशांनी दुसरा मार्ग निवडला. ब्रिटनमध्ये कामावर न येऊ शकणाऱ्या कर्मचाऱ्याचे ८० टक्के वेतन, महिना अडीच हजार पौंडांच्या मर्यादेत, सरकारने भरले. ही योजना सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत चालली. अमेरिकेत लहान उद्योगांना कर्ज देण्यात आले, पण ते प्रामुख्याने पगारावर खर्च केल्यास माफ होणार होते. भारतात दुकानदाराला जे मिळाले ते मुख्यतः परतफेडीचे कर्ज. सरकारी तिजोरीची मर्यादा आणि देशातील असंघटित व्यवसायांची संख्या पाहता या निवडीला कारणे होती. मात्र बंद दुकानाच्या मालकाच्या दृष्टीने, विक्री नसताना मिळालेले कर्ज आणि मिळालेले अनुदान या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे नाकारता येत नाही.

हमी सरकारची, हप्ता दुकानदाराचा

पॅकेजमधील सर्वांत महत्त्वाची योजना म्हणजे आपत्कालीन पतहमी योजना, बँकांच्या भाषेत 'ईसीएलजीएस'. केंद्रीय मंत्रिमंडळाने २० मे २०२० रोजी तिला मंजुरी दिली. आरंभीची मर्यादा तीन लाख कोटी रुपयांची होती. ती पुढे साडेचार लाख कोटी आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात पाच लाख कोटींवर नेण्यात आली. योजना ३१ मार्च २०२३ रोजी बंद झाली, तोवर सुमारे १ कोटी १९ लाख कर्जदारांना तिचा लाभ मिळाला होता आणि हमी दिलेल्या कर्जाची रक्कम साडेतीन लाख कोटींच्या पुढे गेली होती.

योजनेचे स्वरूप साधे होते. २९ फेब्रुवारी २०२० रोजी व्यावसायिकाकडे बँकेचे जेवढे कर्ज येणे असेल, त्याच्या २० टक्के रक्कम नवे कर्ज म्हणून मिळणार. नवे तारण नाही, हमी शुल्क नाही. कर्ज बुडाल्यास बँकेला संपूर्ण रकमेची भरपाई राष्ट्रीय पतहमी विश्वस्त कंपनी देणार. व्याजदराला बँकांसाठी सव्वानऊ टक्के आणि बिगरबँक वित्त कंपन्यांसाठी १४ टक्के अशी कमाल मर्यादा होती. मुदत चार वर्षे, त्यातील पहिले वर्ष केवळ व्याजाचे. सुरुवातीला येणे कर्ज २५ कोटींपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १०० कोटींपर्यंत असलेलेच पात्र होते. ऑगस्ट २०२० मध्ये या मर्यादा अनुक्रमे ५० कोटी व २५० कोटी झाल्या आणि डॉक्टर, सनदी लेखापाल यांच्यासारख्यांची व्यवसायासाठीची वैयक्तिक कर्जेही त्यात आली.

समजा, पेठेतील एखाद्या कापड दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यावर त्या तारखेस पाच लाख रुपये येणे होते. त्याला एक लाखाचे नवे कर्ज मिळाले. सव्वानऊ टक्के दराने पहिले बारा महिने दरमहा सुमारे ७७१ रुपये व्याज आणि पुढील छत्तीस महिने सुमारे ३,१९० रुपयांचा हप्ता. चार वर्षांत एक लाखाचे साधारण १ लाख २४ हजार रुपये परत गेले. खासगी सावकाराच्या किंवा भिशीतून उचललेल्या पैशाच्या मानाने हा दर निश्चितच हलका होता. तारणाशिवाय आणि कागदपत्रांच्या फारशा फेऱ्यांशिवाय बँकेचा पैसा मिळणे ही नवी पेठच काय, कोणत्याही पेठेतील लहान व्यापाऱ्यासाठी अपूर्वाईची गोष्ट होती. योजनेचे श्रेय तिला द्यावेच लागेल.

पण मेख पात्रतेत होती. कर्ज मिळणार होते ते आधीच कर्ज असलेल्याला. ज्याने आयुष्यभर बँकेचे कर्ज काढले नाही, रोखीने माल भरला, उधारी वेळेवर फेडली, त्या दुकानदाराच्या येणे कर्जाचे २० टक्के म्हणजे शून्य. ज्याचे हप्ते २९ फेब्रुवारीस ६० दिवसांहून अधिक थकले होते तोही बाहेर. आणि ज्याचे कर्ज पतसंस्थेचे होते त्याची तर गणतीच नव्हती. योजनेच्या मूळ चौकटीत शेड्यूल्ड व्यापारी बँका, वित्तीय संस्था आणि बिगरबँक वित्त कंपन्या होत्या. सहकाराचे जाळे दाट असलेल्या सोलापूरसारख्या शहरात ही बाब लहान नाही. काटकसरीने धंदा करणाऱ्यालाच योजनेने वगळले, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला.

मार्च २०२१ मध्ये याच योजनेची तिसरी आवृत्ती आली. हॉटेले, खानावळी, केटरर, मंगल कार्यालये आणि पर्यटन व्यवसाय यांना येणे कर्जाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम, सहा वर्षांच्या मुदतीने देण्याची तरतूद त्यात होती. लग्नसराईवर जगणाऱ्यांपैकी मंगल कार्यालयाला अशी वाढीव उचल मिळाली, बस्ता विकणाऱ्या कापड दुकानाला नाही.

हप्ते थांबले, व्याज नाही

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी मुदत कर्जांचे तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली आणि २२ मे रोजी ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. कॅश क्रेडिट खात्यांवरील व्याजही या सहा महिन्यांसाठी लांबणीवर टाकता आले. साचलेल्या व्याजाचे वेगळे कर्ज करून ते ३१ मार्च २०२१ पूर्वी फेडायचे होते. याच काळात रेपो दर ५.१५ टक्क्यांवरून दोन टप्प्यांत ४ टक्क्यांवर आला.

'हप्ता माफ झाला' असा समज त्या वेळी अनेक ठिकाणी पसरला होता. तो चुकीचा होता. हप्ता पुढे गेला, व्याज चालूच राहिले आणि न भरलेल्या व्याजावरही व्याज चढले. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने ३ सप्टेंबर २०२० रोजी थकीत खाती अनुत्पादित ठरवण्यास अंतरिम मनाई केली. २३ ऑक्टोबरला केंद्राने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरील व्याजावरचे व्याज स्वतः भरण्याची योजना काढली आणि बँकांना ५ नोव्हेंबरपर्यंत ती रक्कम खात्यात जमा करण्यास सांगितले. अंतिम निकाल २३ मार्च २०२१ रोजी लागला. त्यात सवलतीच्या सहा महिन्यांतील चक्रवाढ किंवा दंडव्याज कोणाकडूनच घेऊ नये असे ठरले, मात्र संपूर्ण व्याजमाफीची मागणी फेटाळली गेली आणि खाती अनुत्पादित ठरवण्यावरील मनाईही उठली.

या न्यायालयीन लढ्याची वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. त्यातून मिळालेली रक्कम मात्र पाहण्यासारखी आहे. एक लाखाच्या कर्जावर दहा टक्के दराने सहा महिन्यांचे सरळ व्याज ५,००० रुपये होते, मासिक चक्रवाढीने ते सुमारे ५,१०५ रुपये. फरक १०५ रुपयांचा. दिवाळीच्या तोंडावर दुकानदाराच्या खात्यात जमा झाला तो हा फरक.

पतसंस्थांच्या कर्जदारांची स्थिती येथेही वेगळी होती. रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक व्यापारी बँका, सहकारी बँका, वित्तीय संस्था आणि बिगरबँक वित्त कंपन्यांसाठी होते. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नव्हे.

आणखी एका निर्णयाची चर्चा कमी झाली, पण मध्यमवर्गीय व्यापारी कुटुंबांत तो सर्वाधिक जाणवला असावा. ६ ऑगस्ट २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने शेतीव्यतिरिक्त कारणांसाठीच्या सोनेतारण कर्जाची मर्यादा दागिन्यांच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांवरून ९० टक्के केली. ही सवलत ३१ मार्च २०२१ पर्यंत होती. एक लाखाच्या दागिन्यांवर ७५ हजारांऐवजी ९० हजार मिळू लागले. दुकानाचे भाडे आणि नोकरांचा पगार भागवण्यासाठी घरातले सोने बाहेर काढणे हा आपल्याकडील शेवटचा उपाय. सरकारी धोरणाने तो थोडा अधिक सुलभ केला, एवढेच.

नोकरांचा पगार आणि दुकानाचे भाडे

केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढून बंदच्या काळात कामगारांना पूर्ण वेतन देण्यास मालकांना सांगितले. दुकानांचाही त्यात समावेश होता. १८ मेपासून तो आदेश उरला नाही. १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने मधल्या काळातील वेतनाबाबत मालक-कामगारांनी आपसांत तडजोड करावी आणि मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. म्हणजे पगार द्या म्हणणारे सरकार होते, त्यासाठी पैसा देणारे नव्हते.

वेतनाशी संबंधित दोन योजना होत्या. त्यातील पहिलीत, १०० पर्यंत कर्मचारी असलेल्या आणि त्यांपैकी ९० टक्क्यांचे वेतन १५ हजारांखाली असलेल्या आस्थापनांच्या भविष्यनिर्वाह निधीचा मालक व कामगार असा दोघांचा मिळून २४ टक्के हिस्सा मार्च ते ऑगस्ट २०२० पर्यंत केंद्राने भरला. दुसरी आत्मनिर्भर भारत रोजगार योजना, ऑक्टोबर २०२० पासून नव्याने कामावर घेतलेल्यांसाठी. दोन्ही योजनांचा आधार भविष्यनिर्वाह निधीची नोंदणी हाच होता, आणि हा कायदा वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला लागू होतो. नवी पेठेतील चार-पाच नोकरांच्या दुकानाला त्याचा उपयोग नव्हता. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला त्या वेळी नोंदणीचीही गरज नव्हती, ऑनलाइन सूचना पुरत असे. व्यवसाय सुलभतेच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह होता. परंतु संकट आले तेव्हा काउंटरमागे दहा-पंधरा वर्षे उभा असलेला नोकर कोणत्याच सरकारी यादीत सापडत नव्हता.

भाड्याच्या बाबतीत दुकानदाराला काहीच मिळाले नाही. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० रोजी घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची सूचना केली, ती राहत्या घरांपुरती होती. दुकानाच्या भाड्याचा वाद दिल्लीच्या खान मार्केटमधील एका प्रकरणात उच्च न्यायालयात गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भाडे आपोआप स्थगित होत नाही असा निर्वाळा दिला आणि भरण्यास काहीशी मुदत तेवढी दिली. पागडीच्या जुन्या जागेत नाममात्र भाडे भरणारा दुकानदार आणि चालू बाजारभावाने जागा घेतलेला नवा दुकानदार, यांच्यावरील बोजा यामुळे अगदी निराळा राहिला. दुकाने शेजारी-शेजारी असली तरी टाळेबंदी दोघांना सारखी महाग पडली नाही.

वीजबिलात थोडी मुदत मिळाली. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ३० मार्च २०२० च्या आदेशात औद्योगिक व व्यापारी ग्राहकांना पुढील तीन बिलांतील स्थिर आकार नंतर भरण्याची मुभा दिली. येथेही शब्द 'नंतर' हाच आहे. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरण्याच्या तारखा वाढल्या, पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना व्याजात व विलंब शुल्कात सूट मिळाली, प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत अनेकदा पुढे गेली.

किरकोळ व्यापारी 'उद्योग' नव्हता!

या साऱ्या काळात व्यापारी संघटनांचा एक आक्षेप सातत्याने होता आणि तो रास्त होता. केंद्राने २०१७ मध्ये एका आदेशाद्वारे किरकोळ व घाऊक व्यापाराला सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या नोंदणीतून बाहेर ठेवले होते. १ जुलै २०२० पासून या उद्योगांची व्याख्या बदलली, 'उद्यम' नोंदणी सुरू झाली, पण व्यापारी बाहेरच राहिला. पतहमी योजनेत बँकांचे कर्जदार म्हणून व्यापाऱ्यांना स्थान होते. मात्र लघुउद्योग या नात्याने मिळणाऱ्या अन्य सवलतींचा दरवाजा त्यांना बंद होता.

२ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी व्यापाऱ्यांचा समावेश जाहीर केला. सुमारे अडीच कोटी व्यापाऱ्यांना लाभ होईल, असे सांगण्यात आले. हा समावेश केवळ बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरता आहे. उशिरा मिळणाऱ्या देयकांवर व्याज मागण्याचा जो हक्क लहान उत्पादकाला आहे, तो व्यापाऱ्याला मिळालेला नाही. उलट २०२३ च्या वित्त कायद्याने सूक्ष्म व लघु उत्पादकांचे पैसे कमाल ४५ दिवसांच्या विहित मुदतीत न दिल्यास त्या वर्षी खर्चाची वजावट मिळणार नाही, अशी तरतूद आणली. अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्यातून टॉवेल-चादरी किंवा स्थानिक कारखानदाराकडून गणवेश घेणाऱ्या दुकानदाराला ती पाळावी लागते. पैसे देताना नियम लागू, येणे वसूल करताना नाही, अशी ही स्थिती आहे.

गणवेशाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. सोलापूर हे शालेय गणवेश तयार करणारे देशातील एक महत्त्वाचे केंद्र. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्याने या मालाची मागणीच नाहीशी झाली. दुकाने उघडली तरी शाळा उघडली नव्हती. कर्जाने खेळते भांडवल मिळते, ग्राहक मिळत नाही, हे या धंद्याइतके स्पष्ट कोठेच दिसले नाही.

दुकानासमोरचा फेरीवाला

पेठेतील दुकानदार आणि रस्त्यावरचे फेरीवाले यांचे नाते नेहमीच ताणलेले. जागेवरून, वाहनतळावरून कुरबुरी चालूच असतात. सरकारी मदतीच्या बाबतीत मात्र फेरीवाल्याला दुकानदारापेक्षा अधिक स्पष्ट काही मिळाले, हे मान्य करावे लागते.

१ जून २०२० पासून सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत २४ मार्च २०२० पूर्वीपासून व्यवसाय करणाऱ्या फेरीवाल्यास १० हजार रुपयांचे विनातारण कर्ज वर्षभराच्या मुदतीने देण्यात आले. ते फेडल्यास २० हजार आणि त्यानंतर ५० हजारांची उचल. ओळखपत्र नसल्यास महापालिकेचे शिफारसपत्र चालते. वेळेवर हप्ते भरणाऱ्याला सात टक्के व्याज अनुदान मिळते. दहा हजारांवर त्याची रक्कम वर्षाला सुमारे चारशे रुपये होते. डिजिटल व्यवहारांवरील परतावा महिना शंभर रुपयांपर्यंत, म्हणजे वर्षाला बाराशेपर्यंत ठेवला गेला. त्यासाठी महिन्यात दोनशे व्यवहार हवेत. व्याज अनुदानाच्या तिप्पट बक्षीस मोबाइलवर पैसे घेण्यासाठी, यावरून योजनेचा कल लक्षात यावा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने या योजनेला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ देऊन पहिली उचल १५ हजार आणि दुसरी २५ हजार केली.

राज्य सरकारचे थेट साहाय्य आले ते १३ एप्रिल २०२१ च्या पाडव्याच्या रात्री. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंधांसोबत ५,४७६ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि घरेलू कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये, अन्नसुरक्षा लाभार्थींना एक महिना मोफत धान्य आणि मोफत शिवभोजन थाळी असे त्याचे स्वरूप होते. 'नोंदणीकृत' हा शब्द येथे कळीचा. दुकानदारासाठी त्यात तरतूद नव्हती आणि दुकानातील नोकरासाठीही वेगळी रक्कम नव्हती. त्या आठवड्यात राज्यभर व्यापाऱ्यांनी केलेल्या विरोधामागे बंदइतकाच हा विसरही होता.

आता काय शिल्लक आहे?

हमी योजनेतून नवी कर्जे देणे मार्च २०२३ अखेर थांबले. जून २०२० मध्ये पहिल्या आवृत्तीतून चार वर्षांसाठी घेतलेली कर्जे २०२४ च्या मध्यापर्यंत फिटली. मे २०२१ मध्ये मुदतवाढ घेतलेल्यांची आणखी वर्षभर चालली. तिसऱ्या आवृत्तीतून शेवटी शेवटी उचललेल्या सहा वर्षांच्या कर्जांचे हप्ते २०२९ पर्यंत चालतील. 'उद्यम' नोंदणी व्यापाऱ्यांसाठी खुली आहे. ती विनाशुल्क असून आधार व पॅन क्रमांकावर ऑनलाइन होते. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत यंत्रसामग्रीतील गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला व्यवसाय 'सूक्ष्म' गणला जातो. नवी पेठेतील बहुतेक दुकाने या मर्यादेत सहज बसतील. टाळेबंदीच्या पाडव्याला मात्र ती कोणत्याच व्याख्येत बसत नव्हती.